जीपचा पहिला गिअर

बोरीवली (पूर्व)
११ जानेवारी २०२६

भीमदादा,

जय भीम. फोन लावून लावून माझं बोट झिजलं. वाशिमला टॉवर नाही असं मला सांगू नकोस, तुझ्या त्या मामेभावाच्या पोराचे रोज रील येतात. म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकिटं घेऊन आले. पत्र आलं की तू ते वाचल्याशिवाय राहायचा नाहीस. लहानपणी शेजाऱ्यांचीसुद्धा सोडायचा नाहीस.

आधीच सांगते, परत ये म्हणायला हे लिहीत नाहीये. तुझं वय आहे, तुझं डोकं आहे, बस तिकडे तुरीच्या शेतात. मला जीपबद्दल लिहायचं आहे.

मागच्या रविवारी वंदनेनंतर विहारात मंडळाची मीटिंग झाली. यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला जीप नको, सजवलेला ट्रक आणायचा, असं अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं. मला म्हणाले, "ताई, जीप आता भंगारात द्या, विहारामागची जागा तरी मोकळी होईल." आपल्या बापाने, आबांनी, लिलावात घेतलेली जीप. वाकोल्यात बाबासाहेबांचा फोटो आजवर दुसऱ्या कुठल्या गाडीवर चढलेला नाही. मी म्हटलं, आधी तिच्यात काय बिघडलं होतं ते बघते, मग भंगाराचं बोला. तर मागून कोणीतरी म्हणालं, "बिघाड जीपमध्ये नव्हता, ताई." दोघं-तिघं हसले. कोण ते मला माहीत आहे, पण नाव लिहून शाई फुकट घालवत नाही.

दादा, त्या दिवशीचं मला एकदा लिहून काढू दे. तोंडाने सांगायला लागले की किंचाळायला होतं. आबा गेल्यानंतरची ती पहिली जयंती. तू स्टिअरिंगवर, शेजारच्या सीटवर शाल-हार घालून बसवलेले पाहुणे, मागे फोटो, त्याच्यामागे लेझीम आणि सगळी वस्ती. पुलाच्या चढावर जीप थांबली, पुन्हा निघाली आणि एकदम मागे आली. तू ब्रेक मारेपर्यंत मागे सगळ्यांत पुढे चालणारे काशीराम काका तिच्याखाली आले होते. नशीब, पायावरच निभावलं. आणि मग, काका अजून रस्त्यावर कण्हत होते तेव्हाच, कुजबूज सुरू झाली की भीमराज पिऊन होता. तीस वर्षं बस चालवली तू, एका बसला ओरखडा नाही. दारू सोडून तुला वीस वर्षं झाली, तरी लोकांना तीच आठवली. आणि तुझ्या पोरीने, सपनाने, चारचौघांत विचारलं, "पप्पा, खरं सांगा, घेतली होती का?"

तू तिला उत्तर दिलं नाहीस. आठवड्याभरात बॅग भरलीस. का दिलं नाहीस, ते मला आजही कळलेलं नाही. हो किंवा नाही, एका शब्दाचं काम होतं.

असो. वाकोल्याच्या गॅरेजवाल्याकडून मी जीपचा गिअरबॉक्स उतरवून घेतला आणि टेम्पोत घालून घरी आणला. आता तो आमच्या हॉलमध्ये, जुन्या डायनिंग टेबलावर आहे. तुझे दाजी म्हणतात, "निवृत्त झालीस तेव्हा म्हणालीस विपश्यनेला जाणार, आणि हे काय आणलंस?" सोसायटीचा सेक्रेटरी वास येतो म्हणून सांगायला आला होता. त्याला चहा पाजला आणि त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, गेला बिचारा.

मला यातलं काही येत नाही हे मान्य. पण आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिले, पोट उघडलं की काय कुठल्या क्रमाने बाहेर येतं आणि कसं परत जातं, ते बघत. शिवाय बी विंगचे दत्ताराम भाऊ आहेत. मालवणचे, वडील गिरणीत होते, स्वतः मुलुंडच्या कारखान्यात फिटर. रिटायर झाल्यापासून कोणी काही उघडायला देतंय का याचीच वाट बघत बसले होते. आणखी एक जण दर रविवारी येणार आहे, हातभार लावायला. नाव विचारू नकोस, सांगणार नाही.

तुझी,
मित्रा

०

बोरीवली
१ फेब्रुवारी २०२६

दादा,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं. उत्तर आलं नाही, म्हणजे तू भीमराजच आहेस. चालू दे.

आज गिअरबॉक्सची पेटी उघडली. आधी तेल काढलं. काळंकुट्ट, आणि उन्हात धरलं तर आत पितळेची चमक. दत्ताराम भाऊंनी बोटांवर चोळून बघितलं, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू पेशंट मीच आणून टाकला आहे. मी टेबलावर थिएटरचं जुनं हिरवं कापड अंथरलं होतं. एकेक वस्तू निघाली तशी पुसून, क्रमाने मांडली, प्रत्येकीखाली चिठ्ठी. भाऊंना हे पसंत नाही. ते म्हणतात डोक्यात ठेवायचं. मी म्हटलं, "तुमच्या डोक्यात चष्मा कुठे ठेवलाय ते राहत नाही." चष्मा खरंच कपाळावर होता.

आता नीट ऐक, हे तुझ्या कामाचं आहे.

तिसऱ्या गिअरचे दात कोरे करकरीत आहेत. दुसऱ्याचे बरे आहेत. आणि पहिल्याचे असे झिजलेत की बघवत नाही. दात सरळ हवेत ना, ते एका बाजूने पातळ होऊन तिरके झालेत. कारण आपली जीप वर्षानुवर्षं कुठे पळालीच नाही. मिरवणुकीत माणसाच्या चालीने, पहिल्यावर, दहा पावलं चाल, थांब, परत दहा पावलं. लग्नाच्या वराती तशाच, बुद्धपौर्णिमा तशीच. दुसरी जीप डोंगर चढते, चिखलातून जाते. आपली नुसती लेझीमच्या पुढे चालली, आणि तेवढ्यानेच तिचा जीव गेला.

भाऊंनी मला दोन गिअर हातात धरून दाखवलं. असे तिरके दात एकमेकांत बसले की सपाट रस्त्यावर गप राहतात. चढ आला, जोर आला, की एकमेकांना बाहेर ढकलतात. मग गिअर आपोआप सुटतो आणि गाडी मोकळी होते. त्यावर आणखी एक. गिअरची दांडी जागेवर राहावी म्हणून आत एक पोलादी गोळी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग. ती स्प्रिंग दोन तुकडे होऊन पडली होती. तुकड्यांच्या कडासुद्धा घासून गुळगुळीत झालेल्या, म्हणजे मोडून जमाना झाला.

मी खुर्चीवर बसले. मला रडू आलं, लपवत नाही. म्हटलं, माझा भाऊ प्यायलेला नव्हता. आणि लगेच स्वतःचाच राग आला, की मला हे कळायला स्प्रिंग कशाला लागावी. मला माहीतच होतं. पण माहीत असणं आणि हातात धरणं यात फरक पडतो रे.

मग भाऊ म्हणाले, "सिस्टर, एक सांगा. हो गिअर इतकी वर्सां झिजलेलो आसा. मग आदी कसो नाय सुटलो? दांडी कोण धरून बसायचो?"

मी म्हटलं, कोणी नाही. भाऊंनी मान हलवली. म्हणाले, "कोणतरी धरून बसायचो. नायतर ही पेटी तो पूल एकदाव चढाची नाय."

 तुला याचं उत्तर येतंय का?

मित्रा

०

बोरीवली
८ फेब्रुवारी २०२६

दादा,

आठवडाभर तो प्रश्न डोक्यात. आज जयंतीच्या फोटोंचा आल्बम मागवला, वाकोल्याच्या घरातला. तो घेऊन आली ती सपना. दर रविवारी मदतीला येते ती तीच, झालं, सांगून टाकलं. गिअरबॉक्स उतरवताना जीपखाली झोपून गॅरेजवाल्याला टॉर्च धरणारीही तीच. मालाडच्या ऑफिसातून शनिवारी उशिरा सुटते आणि रविवारी सकाळी माझ्या दारात हजर. तुला कळलं तर तू पत्रं वाचणं बंद करशील म्हणून तुला सांगू नको असं मला म्हणाली होती. मी आता सांगते आहे, कारण तुला पुढचं वाचायचंच आहे.

सगळे फोटो आम्ही जमिनीवर मांडले. जुने रंग उडालेले, नंतरचे चकचकीत. प्रत्येकात तू स्टिअरिंगवर, आबा शेजारी. कधी तुझे केस काळे, कधी आबांचा फेटा नवा. सपना म्हणाली, "आत्या, आबांचा उजवा हात बघ." सगळी दुनिया हात वर करून जय भीम करते आहे आणि आबांचा हात खाली. प्रत्येक फोटोत, त्या दांडीवर. आपण म्हणायचो ना, आबा फोटोत अगदी ताठ बसतात, हात म्हणून उचलत नाहीत. दादा, ते पहिला गिअर दाबून धरत होते.

आणि तू काय म्हणायचास ते आठवतं का? आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवताना तू माझ्याशी भांडलास. म्हणालास, "बेस्टने मला डबलडेकर दिली चालवायला, आणि आबा अजून मला शिकाऊ समजतात. माझ्या हाताखाली हात घालून बसतात. गिअर टाकायचा तो तेच टाकतात, न्यूट्रल करायचा तेच करतात. मी नुसता क्लच दाबायला." किती वर्षं तू तो राग धरलास. मलाही वाटायचं की म्हातारा फार करतो.

तुला त्यांनी सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. गाडीत खोट आहे असं बोलायचं म्हणजे आबांच्या जिवावर यायचं. मंडळाला कळलं असतं तर फोटो दुसऱ्या गाडीवर गेला असता, ही भीती. म्हणून दुरुस्त करण्याऐवजी दरवर्षी स्वतः शेजारी बसून हाताने धरून ठेवलं. आणि आपण काय केलं? ते गेल्यावर ती सीट मानाची म्हणून पाहुण्यांना दिली. पाहुणे बिचारे दोन्ही हात जोडून बसले होते.

मला आबांचा इतका राग आला की काय सांगू. मेलेल्या माणसावर काढता येत नाही, तर दत्ताराम भाऊंवर काढला. ते म्हणाले, "माझ्यार कशाक कावतास? मी खंय तुमचो बापूस?" मग त्यांनीच चहा केला.

दादा, आता मला वाटतं की तू सपनाला उत्तर का दिलं नाहीस ते मला कळलं. तुलाच वाटत होतं की आपला हात चुकला. प्यायलो नव्हतो, पण चुकलो, असं. खरं ना? तू तिकडे बसून हेच घोकत असशील तर आज, आत्ता थांब. तुझा हात चुकला नव्हता. सोबत स्प्रिंगचा एक तुकडा पाठवते आहे, कापसात गुंडाळून. दुसरा माझ्याजवळ राहू दे, लागणार आहे.

मित्रा

०

बोरीवली
१ मार्च २०२६

दादा,

कुर्ल्याच्या भंगार बाजारात मी आणि सपना दोन रविवार फिरलो. पहिल्या दिवशी दुकानदार म्हणाला, "मॅडम, आपके साथ कोई जेंट्स नहीं है?" सपनाने त्याच्या हातातला गिअर घेतला, दात बघितले, म्हणाली, "हे तर आमच्यापेक्षा झिजलेत, हे तुम्हीच ठेवा." त्यानंतर त्याने आम्हाला आतल्या खोलीत नेलं. तिथे दुसऱ्या एका जीपचा गिअरबॉक्स होता, कुठल्यातरी मळ्यावर थोडा वापरून पडून राहिलेला. त्यातला पहिला गिअर आणि खालचा लांब काउंटर गिअर, दोन्ही झकास मिळाले. स्प्रिंग, सील, पितळी रिंगा नव्या घेतल्या. पेटीच्या झाकणाखालचं पॅकिंग मी घरीच कापलं, जाड कागदाचं, टाके कापायच्या कात्रीने.

आज जुळणी होती. त्यातलं सगळ्यात वाईट काम सांगते. तो काउंटर गिअर ज्या दांड्यावर फिरतो, त्याच्याभोवती सुयांसारख्या बारीक पोलादी कांड्या असतात, सुट्या. त्या आतल्या बाजूने एकेक करून ग्रीसमध्ये चिकटवायच्या, आणि दांडा घुसेपर्यंत पडू द्यायच्या नाहीत. त्यासाठी आधी त्याच जाडीची एक खोटी काठी आत घालून ठेवतात. काठी कुठून आणायची? भाऊंनी घरातलं लाटणं मापून बघितलं, जाड निघालं. मग मी शेजारच्या जिज्ञाबेनकडे गेले. त्यांचं पापडाचं वेलण बारीक असतं ना. त्या म्हणाल्या, "लई जाव ने, बेन, पण करायचं काय?" मी म्हटलं, जीपचं ऑपरेशन. त्यांनी दोन दिली.

भाऊंनी वेलण तासलं, मापात कापलं. सपनाने कांड्या लावल्या, कारण तिची बोटं बारीक. मी मोजत होते. शेवटी मोजलं तर एक कमी.

भाऊ म्हणाले, "जांव दे सिस्टर, एकान काय होता?" मी म्हटलं, भाऊ, माझ्या थिएटरमध्ये रक्त टिपायचा एक गॉज कमी असताना मोठमोठ्या सर्जनला मी पोट शिवू दिलं नाही. कांडी सापडेपर्यंत कोणी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. दाजी दूध आणायला निघाले होते, त्यांनाही बसवलं. पंखा बंद, सगळे गुडघ्यांवर. सोफा सरकवला, गालिचा झटकला, माझी हरवलेली दोन कानातली सापडली.

तेव्हा, टेबलाखाली डोकं घालून, सपना मला म्हणाली, "आत्या, मी पप्पांना विचारायला नको होतं." मी फरशी चाचपडत राहिले. ती म्हणाली, "मला नको होतं की ते खरं असावं. मला वाटलं, ते नाही म्हणाले की मी सगळ्यांशी भांडीन. म्हणून मोठ्याने विचारलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. ते गप्प राहिले आणि मग मला पुढे काय करायचं ते कळेना." मग तिथेच रडली, ग्रीसच्या हातांनी डोळे पुसले, तोंड काळं करून घेतलं. मी तिला बाहेर ओढून बेसनपीठ लावून तोंड धुवायला लावलं.

दादा, ती तुझ्यावर संशय घेत नव्हती रे. तुझ्या बाजूने उभं राहायला तिला तुझा एक शब्द हवा होता. तिने चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या वेळी मागितला, हे खरं. आपल्या घरात नीट विचारायची पद्धत कोणाला येते?

कांडी दाजींच्या चपलेच्या तळाला निघाली, ग्रीससकट. ते दूध आणायला गेले असते तर बोरीवली स्टेशनपर्यंत गेली असती. धुतली, तपासली, बसवली. मग खरा दांडा मागून ठोकत आत नेला, वेलण पुढून बाहेर आलं, आणि एकही कांडी हलली नाही. भाऊंनी हाताने फिरवलं. आवाजच नाही. भाऊ मला म्हणाले, "सिस्टर, तुमका फिटरात घेतलं असतंय." मला माझ्या निरोप समारंभात एवढं बरं वाटलं नव्हतं.

मित्रा

०

बोरीवली
२९ मार्च २०२६

दादा,

आज दोन गोष्टी झाल्या, क्रमाने सांगते.

सकाळी पुलावर गेलो. गॅरेजवाल्याने बॉक्स परवाच चढवून दिला होता, ब्रेकही चारी चाकांचे नवे करून घेतले. सपना स्टिअरिंगवर. तिला गाडी तूच शिकवलीस, त्यामुळे ती तुझ्यासारखीच शिव्या पुटपुटत चालवते. मी शेजारी, आबांच्या सीटवर. चढाच्या मध्यावर, जिथे ते झालं तिथेच, तिने जीप थांबवली. मी म्हटलं, थांब, आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसले, कारण माझा हात आपोआप त्या दांडीकडे जात होता. तिने पहिला टाकला, क्लच सोडला. जीप चढली, अगदी सरळ, मुंगीच्या चालीने, वरपर्यंत. दांडी जागची हलली नाही. परत खाली आलो, परत चढलो. मागे भाऊ एक मोठा दगड घेऊन चालत होते, चाकाखाली टाकायला. शेवटी कंटाळून त्यांनी तो फुटपाथवर ठेवला आणि त्यावरच बसले.

तिथून वंदनेला विहारात गेलो. वंदना झाल्यावर मी अध्यक्षांना म्हटलं, मला बोलायचं आहे. जुना पहिला गिअर, नव्याशेजारी ठेवला. स्प्रिंगचा तुकडा ठेवला. फोटो मांडले, वर्षाप्रमाणे. आणि सगळं सांगितलं, आबांचंसुद्धा. बापाची चूक चारचौघांत सांगणं सोपं नव्हतं, पण जिवंत भावापेक्षा गेलेल्या बापाची अब्रू मोठी नाही, असं मी ठरवलं होतं. आबा असते तर त्यांनाही हेच बोलले असते.

लोक उठून उठून फोटो बघायला आले. म्हातारे गिअर हातात घेऊन बघत होते. मागच्या मीटिंगला जो हसला होता तो पायाखालची चटई बघत राहिला. माफी वगैरे कोणी मागितली नाही, आपल्या वस्तीला ती सवय नाही. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे ताई, पटलं. पण लोकांच्या मनात भीती बसली आहे. जीपच्या मागे आता कोण चालणार? ट्रकच बरा."

तेव्हा काशीराम काका उठले. काठी टेकत, भिंतीला धरून. पायात अजून रॉड आहे, उठायला वेळ लागतो, पण कोणाला धरू दिलं नाही. म्हणाले, "मी चालतो. जीपच्या मागे, पहिला. जिथं पडलो तिथंच. पण गाडी भीमराजने चालवायची. दुसरा कोणी असेल तर मी घरी बसेन."

 मग अध्यक्ष म्हणाले, "ट्रकवाल्याला नको म्हणून कळवा." विषय संपला.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की परत ये म्हणायला लिहीत नाही. ते खोटं होतं, तुला तेव्हाच कळलं असेल. मी पहिल्या दिवसापासून त्याचसाठी लिहिते आहे. गिअरबॉक्स गेला खड्ड्यात, मला माझा भाऊ पाहिजे. रविवारी मटण केलं की तुझ्या वाटणीचं नळीचं हाड कोणाला द्यायचं ते मला कळत नाही. सपना तुझी खोली रोज झाडते आणि दार लावून घेते. ये.

सपनाला चालवता येते, वेळ पडली तर ती चालवील. पण मग काका घरी बसतील, आणि ते शब्दाचे पक्के आहेत.

वाट बघते.

मित्रा

०

मु. पो. अनसिंग, जि. वाशिम
४ एप्रिल

मित्रा,

जय भीम. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. सगळी पत्रं मिळाली. स्प्रिंग मिळाली.

तू म्हणतेस ते खरं. मला वाटत होतं की हात चुकला. वर्षभर स्टिअरिंगला हात लावला नाही. मामेभावाचा ट्रॅक्टर आहे, तोसुद्धा नाही. रात्री हात बघत बसायचो. तुझं ते फोटोचं पत्र वाचलं त्या दिवशी आबांवर फार रागावलो. मग शेतात जाऊन बसलो. एवढी वर्षं मी त्या हाताला चिडलो. आता कोणाला सांगू?

परवा ट्रॅक्टर चालवला. चांगला चालला.

सपनाला सांग, उत्तर 'नाही' असं आहे. घेतली नव्हती. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही, तिचा काही दोष नाही. आल्यावर मी स्वतः सांगीन, पण तोवर तिने वाट बघू नये म्हणून तू आजच सांग.

दहा तारखेच्या गाडीने निघतो. स्टेशनवर कोणी येऊ नका, मला घर माहीत आहे.

काशीरामला मागे चालू देऊ नका, त्याला आरामात रिक्षात बसवा, असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. चालू दे त्याला. फक्त जीपचे दोन्ही बाजूचे आरसे घट्ट करून ठेवायला सांग, तो मला सबंध वाट दिसत राहिला पाहिजे.

भीम